टॅक्स जास्त का खर्च जास्त? आणि मधल्यामधे थकलेली बिलं

"सरकारकडं पैसाच नाही ओ" हे वाक्य सोलापुरात आता इतकं अंगवळणी पडलंय की ते ऐकून कुणी दचकतसुद्धा नाही. पण का नाही असं विचारा, लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणणार टॅक्स लावून लावून धंदे बसवले, धंदाच नाही राहिला तर तिजोरीत काय पडणार. दुसरा म्हणणार फुकट वाटून वाटून राज्याची वाट लावली. मी टॅक्सची कामं करते, यंत्रमागवाले, टॉवेलचे व्यापारी, छोटे ठेकेदार, होलसेल किराणावाले यांचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न, त्यामुळं हा वाद माझ्या टेबलासमोर सारखा चालू असतो आणि वाद घालणारे दोघंही आपापल्या जागी मनापासून बोलत असतात. मला मात्र दोघांचंही अर्धंच खरं वाटतं. माझं म्हणणं असंय की दर महिन्याला द्यावा लागणारा खर्च कबूल करताना तो पैसा कुणाकडून घेणार हे लोकांना सांगितलं जात नाही, आणि राज्याची सगळी ओढाताण तिथून सुरू होते. न सांगितलेला तो पैसा शेवटी कुणाकडून तरी घेतला जातोच. ज्याला ओरडता येत नाही त्याच्याकडून.

आधी आकडे बघू. २०२५-२६ चं बजेट अजित पवारांनी १० मार्च २०२५ ला मांडलं, साधारण सात लाख कोटींचं. त्यात महसुली जमा धरली ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट, तीसुद्धा बजेट मांडतानाच. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षात एकूण जेवढं उसनं आणावं लागणार ते, १ लाख ३६ हजार २३५ कोटी आणि मार्च २०२६ अखेरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या पुढं. नऊ लाख कोटी हा आकडा ऐकला की लोक म्हणतात राज्य बुडालं, दिवाळं निघालं. तसं नाहीये, हे मी मुद्दाम सांगते कारण दिवाळं दिवाळं म्हणून ओरडलं की खरा प्रश्न बाजूलाच राहतो. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था इतकी मोठी आहे की हे कर्ज राज्यात वर्षाला होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या (सरकारच्या कमाईच्या नव्हे) वीस टक्क्यांच्या आत बसतं, राजकोषीय तूटही कायद्यानं घातलेल्या तीन टक्क्यांच्या आत आहे. पंजाबचं कर्ज त्यांच्या एकूण उत्पादनाच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेलंय, तिकडची गोष्ट वेगळी.

मला काळजी वाटते ती महसुली तुटीची. आपल्याकडं यंत्रमागवाला नवीन माग टाकायला कर्ज काढतो तेव्हा कुणी त्याला नावं ठेवत नाही, कारण माग कापड काढणार आणि कापड कर्ज फेडणार, पण तोच माणूस महिन्याचा किराणा भरायला आणि लाइट बिल भरायला कर्ज काढायला लागला की घरातले हळू आवाजात बोलायला लागतात. महसुली तूट म्हणजे हे दुसरं कर्ज. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, दरमहाच्या योजना, हे सगळं भागवायला रोजची कमाई पुरत नाही म्हणून उसनं आणायचं. आणि ती किती वेगानं वाढली बघा. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये महसुली तूट धरली होती ९ हजार ७३४ कोटी. लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेची तोंडावर आली, आणि जून २०२४ च्या बजेटमध्ये तीच तूट झाली २० हजार ५१ कोटी. मग मार्च २०२५ ला पुढच्या वर्षासाठी ४५ हजार ८९१. वर्षभराच्या काळात टॅक्सचे दर काही दुप्पट झाले नव्हते, राज्याची कमाईही कोसळली नव्हती. वाढले ते शब्द दिलेले खर्च.

त्यातही बजेट हा शेवटचा आकडा नसतोच. जुलै २०२४ च्या अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, म्हणजे जूनच्या शेवटी बजेट मांडलं आणि पंधरा दिवसांच्या आत लाखभर कोटी आणखी पाहिजेत. ३० जून २०२५ ला परत ५७ हजार ५०९ कोटींच्या. बजेटवर टीव्हीवाले दिवसभर चर्चा करतात, पुरवणी मागण्यांवर पाच मिनिटं. माझ्या मते खरं बजेट तिथंच वाचायला पाहिजे, कारण मार्चमध्ये जे सांगायचं नव्हतं ते तिथं कळतं.

आता "फुकट वाटलं" वाल्यांकडं येते. त्यांचं बोट लगेच लाडक्या बहिणीकडं जातं. जुलै २०२४ पासून महिना १,५००, २१ ते ६५ वयाच्या बायका, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत. पहिल्या वर्षी ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं, २०२५-२६ ला ३६ हजार कोटींची तरतूद केली. मोठी रक्कम आहे, नाही कोण म्हणतंय. पण या योजनेबद्दल आमच्या ऑफिसात काही लोक ज्या भाषेत बोलतात ती मला अजिबात पटत नाही.

आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर झाडलोट करायला एक अक्का येतात, पूर्व भागातल्या. सकाळी दोन-तीन ठिकाणची कामं आणि दुपारनंतर घरी बसून विड्या वळायच्या, मांडीवर सूप घेऊन, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, हजाराच्या हिशोबानं मजुरी, आणि कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत, पाठ आणि डोळे गेलेल्या. पहिले पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी मला वाचायला दिला होता. मी विचारलं काय करणार अक्का, तर म्हणाल्या, "गॅसची टाकी भरते, आणि राहिलेलं पोरीच्या क्लासला. नवऱ्याला सांगितलं नाही अजून." त्या पैशातून गॅस, साबण, तेल, मोबाइलचं रिचार्ज. रिचार्जवर १८ टक्के जीएसटी त्या भरतात, तेवढाच जेवढा मी भरते. आमचे काही क्लायंट "आमच्या टॅक्सवर या जगतात" म्हणतात तेव्हा मला फार राग येतो आणि मी तो बोलूनही दाखवते. अक्का टॅक्स भरतात. दर महिन्याला, दर खरेदीला, रिटर्न न भरता.

म्हणून १,५०० देणं ही उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप ते ज्या पद्धतीनं दिलं गेलं त्याला आहे. योजना आली तेव्हा एकाही मंत्र्यानं उभं राहून सांगितलं नाही की यासाठी आम्ही अमुक कर एवढा वाढवतोय किंवा अमुक खर्च बंद करतोय. उलट निवडणुकीत २,१०० चं आश्वासन आलं. आणि निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली, २६ लाखांच्या वर लाभार्थ्यांचे पैसे थांबवले, मग सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी. अहो, छाननी ही आधी करायची गोष्ट आहे ना? आधी सगळ्यांना द्यायचं आणि मग मोबाइलवर ओटीपी येत नाही म्हणून अक्कांनी कामाचे खाडे करून सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, हा कुठला न्याय.

आणि पैसा कुठून आला? मे २०२५ मध्ये बातमी आली की लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनी, संजय शिरसाटांनी, स्वतः जाहीर नाराजी दाखवली. मी वर म्हणाले ना, न सांगितलेला पैसा कुणाकडून तरी घेतला जातोच. इथं तो वसतिगृहातल्या, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोरांच्या खात्यातून घेतला. एका गरिबाचं काढून दुसऱ्या गरिबाला दिलं आणि वरच्यांना धक्का लागला नाही. आनंदाचा शिधा २०२५ च्या सणाला आलाच नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी चालवणाऱ्यांची बिलं थकली.

बिलांवरून माझा मुख्य मुद्दा. हा सगळ्यांना कळावा असं मला फार वाटतं, कारण वर्तमानपत्रात याची बातमी फक्त कुणी जीव दिला की येते.

माझे एक क्लायंट आहेत, छोटे ठेकेदार, गावाकडचे रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळेच्या खोल्या असली कामं घेतात. एका सरकारी खात्याचं काम त्यांनी पूर्ण करून दिलं. एमबी झाली, म्हणजे साहेबांनी मोजमाप करून पुस्तकात चढवलं, बिल सादर झालं, इन्व्हॉइसपण काढायला लावलं. आणि मग "निधी आला की देतो." आता यात टॅक्सचं गणित कसं बसतं ते बघा. समजा काम चाळीस लाखाचं. त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी झाला सात लाख वीस हजार. त्यातून सिमेंट, खडी, डांबराच्या खरेदीवर आधीच भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट वजा केलं तरी राहिलेला टॅक्स पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, कारण इन्व्हॉइस निघालं. सरकारनं पैसे दिले का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. भरायला उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. म्हणजे जे सरकार यांचं देणं लागतं त्याच सरकारला, न मिळालेल्या पैशावरचा टॅक्स, यांनी बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठीची कॅश क्रेडिटची उचल, वापरून भरायचा. निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला. सीसी फुल झाली, मग सोसायटीचं कर्ज, मग घरातलं सोनं. खडी क्रशरवाला दारात येऊन बसतो, जेसीबीवाला फोन करतो, मजुरांना तर थांबवताच येत नाही. ते माझ्यासमोर फाइल ठेवून म्हणाले, "ताई, मी सरकारला बिनव्याजी कर्ज दिलंय असं समजू का?" मी म्हटलं, मालक, तसंच समजा, फक्त तुमची परवानगी कुणी घेतली नाही.

खाजगी धंद्यात काय नियम आहे? छोट्या उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर मार्चअखेर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये याच कलमानं आमचा कापड बाजार हादरला होता, टॉवेलवाले मागवाल्यांचे पैसे देण्यासाठी धावपळ करत होते. चांगला नियम आहे, मला मान्य आहे. मग तोच धाक सरकारी खात्याला का नाही?

२०२५ साली ठेकेदारांच्या संघटनेनं सांगितलं की राज्यभरात ८९ हजार कोटींची बिलं थकलीत. हा त्यांचा आकडा आहे, सरकारचा नाही. पण निम्मा धरला तरी काय होतं बघा. सरकारचा हिशोब रोखीवर चालतो, पैसा हातातून गेला की खर्च. थकलेलं बिल त्या वर्षीच्या तुटीत दिसतच नाही. म्हणजे ती जी तीन टक्क्यांच्या आतली छान तूट मी वर सांगितली, ती छान दिसण्यात आमच्या या क्लायंटसारख्या लोकांचा हात आहे. तूट कागदावरून त्यांच्या घरात गेली.

हे कळलं की "खर्च जास्त झाला" हे वाक्य अपुरं का वाटतं ते समजेल. कुठला खर्च? पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांतच महसुली कमाईचा निम्म्याहून जास्त भाग जातो, आणि तो थांबवता येत नाही. हिमाचलमध्ये ऑगस्ट २०२४ ला मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनी पगार पुढं ढकलले, सप्टेंबरला कर्मचाऱ्यांचे पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला झाली तर देशभर बातमी झाली. आपल्याकडं मार्च २०२३ ला "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संप झाला तेव्हा आठवड्याच्या आत सरकारला बोलणी करावी लागली. संघटना आहे, आवाज आहे. शेतीपंपाचं साडेसात एचपीपर्यंतचं बिल माफ केलं त्याचे वर्षाला १४ हजार ७६० कोटी सरकारनं महावितरणला द्यायचे, तिथंही मागं फिरता येत नाही, कुणाची हिंमत नाही. मग हात कुठं लागतो? ज्याला पुढच्या महिन्याला थांबवलं तर लगेच मोर्चा निघत नाही तिथं. रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, शिष्यवृत्ती, थाळी, ठेकेदार. आमचे एक जुने क्लायंट म्हणतात तसं, मागणाऱ्याचं पोट भरतं, न मागणारा उपाशी.

आता टॅक्सवाल्यांकडं. त्यांचंही पूर्ण खोटं नाही. सोलापूरकराला तर हे बॉर्डरवर दिसतं. विजयपूर रोडनं कर्नाटकात शिरलं की झळकीच्या आसपास पंपांवर आपल्या एमएच-१३ च्या गाड्या डिझेल भरताना दिसतील, तिकडं दर कमी असेल तेव्हा. ट्रान्सपोर्टवाला इकडून निघताना जेमतेम बॉर्डरपर्यंत पुरेल एवढंच टाकतो आणि तिकडं टाकी फुल करतो. तेवढा व्हॅट महाराष्ट्राचा गेला. जून २०२५ ला भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरची एक्साइज उत्पादन खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट केली, वर्षाला १४ हजार कोटी जास्त येतील म्हणून, आणि शेजारच्या राज्यात स्वस्त असलं की माल कुठून येतो हे सांगायला नको. दर वाढवला तेवढी वसुली वाढतेच असं नाही, एवढं त्यांचं खरं.

पण राज्याच्या हातात टॅक्स उरलाय किती? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दर ठरवणं केंद्र आणि राज्यांच्या मिळून असलेल्या जीएसटी कौन्सिलकडं गेलं. आता राज्याला स्वतःच्या मर्जीनं हलवता येतं ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, गाड्यांचा टॅक्स, विजेवरचं शुल्क. बास. केंद्राच्या वाटपात ज्या पैशाचे शंभर भाग करून राज्यांना देतात, त्यातले पंधराव्या वित्त आयोगानं महाराष्ट्राला सहा-सव्वासहाच दिले, उत्तर प्रदेशला अठराच्या जवळ. गरीब राज्याला जास्त मिळावं हे मला मान्य आहे, पण मग राज्य सरकारनं "टॅक्स वाढवला" हे ऐकताना लोकांनीही बघावं की कुठला. महापालिकेचं तर त्याहून वाईट, जकात गेली, तिच्याजागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, आता राज्याकडून जीएसटीचं अनुदान आलं की पगार.

टॅक्स कमी केला की सगळं ठीक होतं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या कॅन्ससची गोष्ट सांगते. सॅम ब्राउनबॅक नावाच्या गव्हर्नरनं २०१२ ला इन्कम टॅक्स भरपूर कमी केला, छोट्या-मोठ्या भागीदारी धंद्यांचा तर राज्याचा इन्कम टॅक्स शून्यच केला, धंदे वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल म्हणून. तिजोरी भरली नाही, शाळांना पैसे कमी पडले, आणि २०१७ ला त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळानं त्यांचा नकाराधिकार ओलांडून टॅक्स परत वाढवला. कॅलिफोर्नियाचं उलटं, टॅक्स जास्त, पण कमाई श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सवर टांगलेली, मंदी आली आणि जुलै २००९ ला राज्यानं चेकऐवजी लोकांना "नंतर देऊ" म्हणून चिठ्ठ्या दिल्या. तिथं निदान चिठ्ठी तरी दिली, सही करून. कमी टॅक्सवालंही अडकलं, जास्त टॅक्सवालंही अडकलं.

आणि याच महाराष्ट्रात हे नीट करून दाखवलेलं आहे, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. माझी आजी सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, डोक्यावर फडकं बांधून, हाताला फोड आलेले, सुकडी आणि मजुरीवर घर चाललं. आपल्या जिल्ह्यात असं घर सापडणार नाही ज्यात ही गोष्ट नाही. त्या काळात वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमी योजना निघाली, मागेल त्याला काम. आता प्रश्न तोच, पैसा कुठून आणणार? तर १९७५ ला सरकारनं व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदारांकडून, धंदेवाल्यांकडून, डॉक्टर-वकिलांकडून थोडे थोडे घ्यायचे आणि ते दुष्काळातल्या मजुराच्या हमीसाठी वापरायचे, आणि राज्य सरकारनं त्यात स्वतःची भर घालायची. १९७७ ला कायदा झाला. विचार करा, आधी कबूल केलं की हा खर्च कायमचा आहे, मग सांगितलं की तो कुणाच्या खिशातून येणार, आणि लोकांनी दिला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर ते "पीटी २००" आणि फेब्रुवारीत ३०० दिसतं ना, ते हेच. कुरकुर झाली असेल, पण घेणाऱ्यानं तोंडावर सांगून घेतलं. त्याच पैशातून आपल्या भागातले पाझर तलाव, नालाबंडिंग, कच्चे रस्ते झाले, आणि देशाचा रोजगार हमी कायदा २००५ ला आला तो याच वाटेनं.

तोच व्यवसाय कर आज वर्षाला २,५०० वर अडकलाय, कारण घटनेतच ती मर्यादा घातलीय आणि १९८८ नंतर ती वाढलेली नाही. महिना पंधरा हजारवाल्या सेल्समनला २,५०० आणि महिना पाच लाखवाल्यालाही २,५००. ही मर्यादा वाढवायला पाहिजे आणि जास्त कमावणाऱ्याकडून जास्त घ्यायला पाहिजे, माझे क्लायंट माझ्यावर चिडले तरी चालेल. लाडक्या बहिणीसाठी असा एखादा कर उघडपणे मागितला असता तर मी पहिली भरला असता, आणि अक्कांना पुढच्या महिन्याचे पैसे येतील का म्हणून मला विचारावं लागलं नसतं. कर्नाटकनं जून २०२४ ला पेट्रोल आणि डिझेल तीन-तीन रुपयांच्या आसपास वाढवलं तेव्हा आपल्याकडं लोक हसले, बघा गॅरंटी योजनांची किंमत. पण निदान किंमत पंपावर दिसली. आपल्याकडं ती थकलेल्या बिलात लपली.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. उपयोग संपलेला खर्च बंद करायची सवय. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात झिरो बजेटचा प्रयोग झाला होता, म्हणजे गेल्या वर्षी दिले होते म्हणून यंदाही द्या असं नाही, प्रत्येक खर्च शून्यापासून पटवून द्यायचा. आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदेंनी कितीतरी वर्षं राज्याचं बजेट मांडलं, तेव्हा या गावाला बजेट म्हणजे काय हे नवीन नाही. आता ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला जून २०२५ ला २० हजार ७८७ कोटींची मंजुरी मिळते, अर्थ खात्यानं कर्जाबद्दल काळजी व्यक्त केली असताना मिळते, आणि त्याच वेळी झालेल्या कामांचे पैसे नसतात. आधी झालेलं भागवा, मग नवीन नारळ फोडा, यात काय अवघड आहे?

आणि पैसा शिल्लक ठेवायचा कशाला हे सीना नदीनं सप्टेंबर २०२५ ला दाखवलं. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, ज्या नदीत पाणी शोधावं लागतं ती गावात शिरली. ऊस आडवा, जनावरं गेली, जमिनीची मातीच वाहून गेली. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते द्यायलाच पाहिजे होतं, त्यावर वादच नाही. पण वर्षाची सुरुवातच ४५ हजार कोटींच्या तुटीनं झाली असेल तर पूरग्रस्ताचा पैसाही कर्जातूनच येणार किंवा परत कुणाचं तरी बिल मागं टाकून येणार.

म्हणून यंदा बजेट आलं की मी तीन गोष्टी बघणार आहे आणि तुम्हीपण बघा. महसुली तूट किती, जुलैच्या पुरवणी मागण्या किती, आणि नवीन दरमहाची योजना असेल तर तिच्यासमोर उत्पन्नाचं नाव लिहिलंय का. चौथी गोष्ट सरकारनं छापायला पाहिजे, खातेनिहाय थकलेली बिलं, जिल्ह्यासकट, दर तिमाहीला. आमच्या भागातल्या दोन आमदारांना मी हे लेखी देणार आहे, थकलेल्या देण्याची यादी सभागृहात मागा म्हणून, पक्ष कुठलाही असो. माझ्या ठेकेदार क्लायंटनी आपापल्या कामाची मंजुरीची तारीख, एमबीची तारीख आणि रक्कम मला लिहून द्यायचं कबूल केलंय, त्याचा एक तक्ता करतेय, नावं न टाकता. तो पुढच्या महिन्यात इथंच टाकते.